ट्यूब ॲम्पकडून पुरेपूर काम कसे करून घ्यावे: फेंडर डिलक्स रिव्हर्बच्या आधारे सविस्तर मार्गदर्शन

गिटारसाठी ट्यूब ॲम्प (निर्वात नळ्यांवर, म्हणजे ट्यूबवर चालणारा ध्वनिवर्धक) घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आवाज मनासारखा लागला नाही, की बहुतेक वादक थेट ट्यूब बदलण्याच्या मागे लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. वीजपुरवठा, ॲम्प ठेवण्याची जागा, पॅनेलवरचे नॉब, गिटारवरचा व्हॉल्यूम, मग स्पीकर आणि सर्वांत शेवटी ट्यूब, असा क्रम ठेवला तर पहिल्या चार पायऱ्यांवर जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलण्यापूर्वी सर्व नॉबचे आकडे लिहून ठेवावेत, एवढी शिस्त मात्र पाळावी लागते.

पुढील विवेचन फेंडर कंपनीच्या डिलक्स रिव्हर्ब या ॲम्पला धरून केले आहे. हा ॲम्प १९६३ मध्ये बाजारात आला, १९९३ पासून त्याची पुनर्निर्मित आवृत्तीही मिळते, आणि त्याची अंतर्गत मांडणी इतर असंख्य ॲम्पमध्ये थोड्याफार फरकाने आढळते. शक्ती सुमारे २२ वॅट, पॉवर विभागात ६व्ही६ जातीच्या दोन ट्यूब, रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारी ट्यूब) म्हणून जीझेड३४, प्रीॲम्पमध्ये (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या विभागात) १२एएक्स७ आणि १२एटी७ मिळून सहा ट्यूब आणि ८ ओहमचा एक १२ इंची स्पीकर, असा त्याचा संच आहे. यात मास्टर व्हॉल्यूम (प्रीॲम्पनंतर एकूण आवाज आवरणारा वेगळा नॉब) नाही आणि इफेक्ट्स लूपही (प्रीॲम्पनंतर पेडल जोडण्याची सोय) नाही. मार्शल किंवा व्हॉक्सच्या ॲम्पमध्ये जिथे फरक पडतो, तिथे तो त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

पहिली पायरी: वीज आणि सुरक्षितता

ट्यूब ॲम्पच्या आत ४०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाब असतो आणि फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा सपाट करणारे घटक) तो दाब प्लग काढल्यानंतरही बराच काळ धरून ठेवू शकतात. त्यामुळे कपॅसिटर सुरक्षितपणे रिकामे कसे करायचे हे ज्याला माहीत नाही, त्याने चॅसिस (सर्व सर्किट बसवलेली धातूची पेटी) उघडू नये. या लेखात जिथे चॅसिस उघडावे लागते, तिथे ते काम अनुभवी तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

दुसरा नियम तितकाच कडक आहे: स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की त्याच्या प्रायमरी वेटोळ्यात प्रचंड दाबाचे झटके तयार होतात, त्यात वेटोळ्याचे आवरण जळू शकते किंवा ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडू शकते. डिलक्स रिव्हर्बचा मुख्य स्पीकर जॅक प्लग काढताच शॉर्ट होतो, त्यामुळे त्याचा थोडाफार बचाव होतो. ही सोय सर्व ॲम्पमध्ये असते असे मात्र समजू नये. स्पीकरची केबलही स्पीकरसाठीच बनवलेली हवी, गिटारची शील्ड असलेली केबल तिथे लावू नये.

अमेरिकेतून आणलेला ॲम्प बहुधा १२० व्होल्ट व ६० हर्ट्झसाठी असतो, तर आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे. मायदेशी परतताना ॲम्प बरोबर आणणाऱ्यांना म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो. ॲम्पच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या किमान दीडपट, शक्यतो दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर निवडावा आणि त्याच्या आउटपुट सॉकेटला अर्थिंग पुढे दिलेले आहे की नाही, हे विकत घेण्याआधी तपासावे, कारण स्वस्त स्टेप-डाउनमध्ये ते अनेकदा नसते. ५० हर्ट्झवर मूळ ट्रान्सफॉर्मर थोडा अधिक तापतो, तेव्हा ॲम्पच्या मागे हवा खेळती राहील असे पाहावे. ॲम्पवर व्होल्टेज निवडण्याची सोय असेल, तर निवड बदलताना फ्यूजही त्या व्होल्टेजसाठी दिलेल्या मूल्याचा बसवावा लागतो.

अर्थिंगचा प्रश्न जुन्या चाळींत आणि वाड्यांत खरा आहे. तिथे तीन पिनांचे सॉकेट दिसले तरी तिसऱ्या पिनेला तार जोडलेली असेलच याची खात्री नसते. वादकाच्या हातातल्या तारा केबलमधून थेट ॲम्पच्या चॅसिसशी जोडलेल्या असतात, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून एकदा अर्थिंग मोजून घेण्याला पर्याय नाही. तारांना हात लावताच घरघर कमी होणे ही सर्वसाधारण बाब आहे; हाताला किंवा माइकपाशी ओठांना झिणझिण्या येणे मात्र सर्वसाधारण नाही, तसे झाल्यास ॲम्प तत्काळ बंद करावा.

रात्री उशिरा अनेक भागांत पुरवठ्याचा दाब चढतो. २३० ऐवजी २५० व्होल्ट मिळू लागले, तर ट्यूबच्या हीटरचे ६.३ व्होल्ट सुमारे ६.८५ होतात आणि प्लेटवरचा दाबही त्याच प्रमाणात वाढतो. ट्यूबचे आयुष्य त्याने घटते, म्हणून अशा ठिकाणी चांगला स्टॅबिलायझर ही उधळपट्टी ठरत नाही. वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर ॲम्प लावायचा असेल, तर तो शुद्ध साइन वेव्ह प्रकारचा असावा; चौकोनी लहरी देणाऱ्या इन्व्हर्टरवर ॲम्प कर्कश गुणगुणतो आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर नाहक तापतो.

सुरू करताना आधी पॉवर, मग साधारण अर्धा ते एक मिनिटाने स्टँडबायचा (ट्यूब तापेपर्यंत मुख्य दाब रोखून धरणारा) स्विच, हा रिवाज पाळावा. जीझेड३४ स्वतःच हळूहळू तापत असल्याने डिलक्स रिव्हर्बला स्टँडबायची निकड कमी आहे. आवाज पूर्ण स्थिरावायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, तोवर नॉबशी झटापट करू नये.

दुसरी पायरी: जागा

१२ इंची स्पीकर वरच्या पट्टीचे स्वर समोरच्या दिशेने अरुंद झोतात फेकतो आणि खालचे स्वर सर्वत्र पसरवतो. ॲम्प जमिनीवर ठेवून वादक त्याच्यासमोर दोन पावलांवर उभा राहिला, की तो झोत त्याच्या गुडघ्यांवर आदळतो. वादकाला आवाज मंद वाटतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि दहा फुटांवर बसलेल्या श्रोत्याच्या कानाला मात्र तोच आवाज टोचतो. ट्यूब ॲम्पबद्दलच्या कितीतरी तक्रारींचे मूळ इथे असते. ॲम्प खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलता करावा आणि नॉब ठरवताना कान स्पीकरच्या उंचीवर आणावेत.

या ॲम्पचे कॅबिनेट मागून उघडे आहे, त्यामुळे मागची भिंतही आवाजात भाग घेते. भिंतीपासून एक-दोन फूट अंतर ठेवून सुरुवात करावी. कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो, जमिनीवरून उचलल्यास तो आवरतो. लहान खोलीत फरशीवर एक जाड सतरंजी टाकली तरी चांगला फरक पडतो.

तिसरी पायरी: पॅनेलवरचे नॉब

या ॲम्पला दोन चॅनेल आहेत. व्हायब्रॅटो चॅनेलवर रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा परिणाम) आणि ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त होण्याचा परिणाम) मिळतात, शिवाय त्याच्या व्हॉल्यूम पॉटवर (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरवर) ४७ पिकोफॅरडचा एक ब्राइट कपॅसिटर कायमचा जोडलेला असतो. व्हॉल्यूम कमी असताना हा कपॅसिटर वरचे स्वर पॉटला वळसा घालून पुढे सोडतो, व्हॉल्यूम जसजसा वाढेल तसतसा त्याचा परिणाम विरतो. घरात व्हॉल्यूम २ वर ठेवून वाजवणाऱ्याला हा ॲम्प काचेसारखा बोचरा का वाटतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. नॉर्मल चॅनेलला असा कपॅसिटर नाही. हळू आवाजात वाजवायचे असेल तर तो चॅनेल वापरून पाहावा. रिव्हर्ब नसल्यामुळे लोक त्याला हातच लावत नाहीत, हे त्याचे दुर्दैव.

प्रत्येक इनपुट जोडीतील दुसरा जॅक सिग्नल सुमारे निम्म्यावर आणतो. जोरकस हंबकर (दोन वेटोळ्यांचे) पिकअप असलेल्या गिटारला तो उपयोगी पडतो. जुन्या चार इनपुटच्या मार्शलमध्ये छोट्या केबलने दोन्ही चॅनेल जोडून आवाज भरदार करण्याची युक्ती सर्वज्ञात आहे, परंतु डिलक्स रिव्हर्बमध्ये ती चालत नाही, कारण व्हायब्रॅटो चॅनेलला एक टप्पा अधिक असल्याने दोन्ही चॅनेलचे सिग्नल परस्परविरुद्ध कलेत (फेजमध्ये) येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात.

आता टोनच्या नॉबकडे वळू. या ॲम्पमधले ट्रेबल आणि बास हे नॉब स्वतः काही वाढवत नाहीत, ते केवळ कमी-अधिक अडवतात आणि एकमेकांवर परिणामही करतात. दोन्ही ५ वर ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला, ही समजूत चुकीची आहे. त्या स्थितीत मधल्या पट्टीत मोठा खळगा पडतो. डिलक्स रिव्हर्बला मिडलचा नॉब नाही, त्याच्या जागी एक ठरावीक रेझिस्टर आहे. मधले स्वर उठावदार हवे असतील तर उपाय एकच: ट्रेबल आणि बास दोन्ही खाली आणायचे आणि व्हॉल्यूम वाढवून भरपाई करायची.

ॲम्पचा खरा स्वभाव शोधण्याची रीत अशी आहे. गिटारचे सर्व नॉब पूर्ण उघडावेत, ट्रेबल ५, बास ३, रिव्हर्ब शून्य. व्हॉल्यूम २ पासून अर्ध्या-अर्ध्या घराने वाढवत न्यावा आणि प्रत्येक ठिकाणी एकच कॉर्ड आधी हलक्या, मग जोरकस हाताने वाजवावा. साधारण ४ ते ५ च्या दरम्यान असे एक स्थान येते की हलका हात स्वच्छ ऐकू येतो आणि जोराचा आघात किंचित फाटतो, म्हणजे त्यात डिस्टॉर्शन येते. हंबकरला ते थोडे आधी येते, सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) थोडे नंतर. त्यापुढे नॉब फिरवल्यास आवाजाची पातळी फारशी वाढत नाही, मात्र आवाज दाबला जाऊ लागतो आणि ट्यूब रेक्टिफायरमुळे प्रत्येक आघातानंतर पुरवठा क्षणभर खचून सावरतो. वादक ज्याला सॅग म्हणतात तो हाच. हे स्थान पॅनेलवर टेपने खूण करून ठेवावे, कारण पुढचा सर्व विचार त्याच्याभोवती फिरतो.

व्हॉल्यूम ५ च्या पुढे नेताना बास २ किंवा त्याहूनही खाली आणावा लागतो, आणि यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. फेंडरच्या या मांडणीत टोनचे नॉब पहिल्या ट्यूबच्या लगेच नंतर येतात. तिथे सोडलेला सगळा खर्ज पुढच्या टप्प्यांत जाऊन त्यांना आधी फाडतो आणि आवाज भसाडा, सुटलेला होतो. मार्शलच्या जेटीएम४५ किंवा जेसीएम८०० मध्ये टोनचे नॉब प्रीॲम्पच्या गेन टप्प्यांनंतर येतात, त्यामुळे तिथे ते बव्हंशी फाटून झालेल्या आवाजाला आकार देतात आणि बास बराच वर ठेवूनही निभावते. एका ॲम्पचे आकडे दुसऱ्यावर जसेच्या तसे लावून उपयोग होत नाही तो यामुळे. व्हॉक्स एसी३० वरचा कट हा नॉब तर उलट्या दिशेने काम करतो: तो वाढवला की वरचे स्वर कमी होतात.

चौथी पायरी: गिटारवरचा व्हॉल्यूम

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ती ही घ्यावी. मास्टर व्हॉल्यूम नसलेल्या ॲम्पवर वाजवताना नियंत्रणाची मुख्य जागा गिटार आहे, ॲम्पचा पॅनेल नव्हे. वर सापडलेल्या स्थानाच्या एक घर पुढे ॲम्प ठेवावा. गिटारचा व्हॉल्यूम १० वर असताना सोलोचा आवाज, ७ वर किंचित खरखरीत साथ आणि ५ च्या आसपास स्वच्छ आवाज, असे तीन आवाज पायाजवळ एकही पेडल नसताना मिळतात. ज्यांना पेडलवर पाय देऊन आवाज बदलण्याची सवय आहे त्यांना हे सुरुवातीला अवघड वाटते. उजव्या हाताची करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर न पाहता पोहोचेपर्यंत सराव करावा लागतो.

गिटारचा व्हॉल्यूम खाली आणला की अनेक गिटारांचा आवाज मंदावतो. त्यावर ट्रेबल ब्लीड नावाचा सोपा उपाय आहे: व्हॉल्यूम पॉटचे सिग्नल आत येणारे टोक आणि मधले टोक यांच्यामध्ये साधारण ६८० पिकोफॅरड ते १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर. गिटारमध्ये धोकादायक दाब नसल्याने सोल्डरिंग येणाऱ्या कोणीही हे काम करावे. केबलचाही वाटा असतो. गिटारच्या केबलची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरली, तर ३ मीटरवरून ९ मीटरच्या केबलवर जाताच वरचे स्वर कानाला जाणवतील इतके उतरतात.

पाचवी पायरी: शेजाऱ्यांचा प्रश्न

२२ वॅट हा आकडा ऐकायला लहान वाटतो, परंतु त्या खुणेच्या स्थानावर हा ॲम्प सदनिकेत वाजवण्याजोगा राहत नाही. शक्ती निम्मी केली तर पातळी केवळ ३ डेसिबलने उतरते, आणि कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहा पटींनी कमी करावी लागते. म्हणून २२ वॅटचा ॲम्प विकून १० वॅटचा घेतल्याने शेजारी खूश होत नाहीत.

ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये लावायचा ॲटेन्युएटर हा व्यवहार्य मार्ग आहे. तो ८ ओहमचाच घ्यावा, त्याची क्षमता ॲम्पच्या शक्तीच्या किमान दुप्पट असावी, आणि परवडत असल्यास स्पीकरप्रमाणे बदलता भार देणारा रिॲक्टिव्ह प्रकार निवडावा. ८ ते १२ डेसिबलपर्यंत आवाज फारसा बिघडत नाही. त्याहून खाली गेल्यावर तो निर्जीव वाटतो, कारण स्पीकरचा पडदा पुरेसा हलत नाही आणि कमी पातळीवर मानवी कानालाही खर्ज व तार दोन्ही कमी ऐकू येतात. अशा वेळी टोनचे नॉब नव्याने लावावेत. याच नियमानुसार, घरी हळू आवाजात ठरवलेले आकडे मंचावर बास आणि ट्रेबल दोन्हींचा अतिरेक करतात. ॲटेन्युएटर लावला तरी ॲम्प आतून पूर्ण ताकदीने राबत असतो आणि ट्यूब त्याच वेगाने झिजतात, हेही ध्यानात ठेवावे.

सहावी पायरी: पेडल

ट्यूब ॲम्पसमोर ओव्हरड्राइव्ह पेडल लावताना त्याचा ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवावी, म्हणजे फाटण्याचे काम ॲम्पच्या ट्यूब करतात आणि पेडल त्यांना फक्त ढकलते. ट्यूब स्क्रीमर जातीची पेडले खर्ज छाटतात आणि मधली पट्टी उचलतात. डिलक्स रिव्हर्बच्या आवाजात नेमका तिथेच खळगा असल्याने ही जोडी इतकी रुळली आहे. इफेक्ट्स लूप नसल्यामुळे डिले पेडल ॲम्पच्या आधीच लावावे लागते आणि ॲम्प फाटत असेल तर प्रत्येक प्रतिध्वनीही फाटून चिखल होतो. डिले हवाच असेल, तर ॲम्प स्वच्छ ठेवून फाटण्याचे काम डिलेच्या आधीच्या पेडलकडे द्यावे.

सातवी पायरी: स्पीकर

खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च इथे करावा. स्पीकरची संवेदनशीलता एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, अशी दिलेली असते. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर लावणे हे ॲम्पची शक्ती दुप्पट करण्यासारखेच आहे. उलट घरगुती वापरासाठी मुद्दाम कमी संवेदनशील स्पीकर निवडता येतो. फाटलेल्या अवस्थेत २२ वॅटचा ॲम्प नमूद आकड्याहून बरीच अधिक शक्ती बाहेर टाकतो, म्हणून सेलेस्चन ग्रीनबॅकसारखा २५ वॅटचा स्पीकर एकटा लावून व्हॉल्यूम १० वर नेणे जोखमीचे आहे. ४० वॅट किंवा त्याहून अधिक क्षमता सुरक्षित. ओहम मात्र जुळलेच पाहिजेत: ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४ ओहम होतात, एकापाठोपाठ जोडले तर १६. नवा स्पीकर काही तास वाजल्यावर थोडा मोकळा होतो, तोपर्यंत निकाल देऊ नये.

आठवी पायरी: ट्यूब आणि बायस

प्रीॲम्पच्या ट्यूब वर्षानुवर्षे टिकतात. बदलण्याचे कारण दोनच: ट्यूब बिघडली, किंवा गेन मुद्दाम बदलायचा आहे. बिघाड ओळखण्यासाठी ॲम्प चालू असताना प्रत्येक ट्यूबवर लाकडी पेन्सिलने हलकेच टकटक करावी; थोडा आवाज येणे स्वाभाविक आहे, घंटेसारखा घुमणारा किंवा किंचाळणारा आवाज आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे. गेन कमी करायचा असेल तर १२एएक्स७ च्या जागी ५७५१ किंवा १२एवाय७ बसवता येते. १२एएक्स७ चा वर्धनांक १०० धरला तर ५७५१ चा ७० आणि १२एवाय७ चा ४५ च्या आसपास असतो. व्हायब्रॅटो चॅनेलच्या पहिल्या ट्यूबमध्ये हा बदल केला की स्वच्छ आवाजाची मर्यादा वाढते. ॲम्प बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर, सरळ वर ओढून हा बदल घरी करता येतो.

पॉवर ट्यूबचे तसे नाही. त्या जुळलेल्या जोडीनेच बदलाव्यात आणि डिलक्स रिव्हर्बचा बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा हे ठरवणारी जुळणी) स्थिर प्रकारचा असल्याने बदलल्यावर तो तपासून घ्यावा. तंत्रज्ञाशी बोलण्यापुरता हिशेब असा: आजच्या ६व्ही६ ची प्लेटवरची कमाल उष्णता १४ वॅट धरली आणि तिच्या ७० टक्के, म्हणजे ९.८ वॅट, ही मर्यादा मानली, तर ४१५ व्होल्टवर प्रत्येक ट्यूबचा प्रवाह साधारण २३ ते २४ मिलिअँपिअरपेक्षा जास्त नसावा. ७० टक्के ही वरची मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे. त्याखाली कानाला जे आवडेल ते ठेवावे. अतिशय कमी प्रवाहावर आवाज कोरडा आणि किरकिरा होतो. वाजवताना ट्यूबच्या आतली करडी प्लेट लालसर दिसू लागली तर त्याच क्षणी ॲम्प बंद करावा. काचेजवळची निळी आभा मात्र निर्धोक असते, तिला घाबरून ट्यूब फेकू नये.

रेक्टिफायर बदलून अधिक सॅग मिळवण्याचा मोह अनेकांना होतो. जीझेड३४ चा हीटर १.९ अँपिअर घेतो, तर ५यू४ चा ३ अँपिअर. मूळ ट्रान्सफॉर्मर हा जादा भार पेलेल की नाही हे तपासल्याशिवाय ती ट्यूब खोचू नये. ५वाय३ चा हीटर २ अँपिअर घेतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर हीटरचा फारसा जादा भार पडत नाही, परंतु प्लेटचा दाब लक्षणीय उतरतो आणि बायस पुन्हा लावावा लागतो.

घरघर आणि पावसाळा

सर्व व्हॉल्यूम शून्यावर आणूनही घरघर राहिली तर तिची पट्टी ओळखावी. आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १०० हर्ट्झची घरघर सहसा थकलेल्या फिल्टर कपॅसिटरकडे किंवा बेमेळ पॉवर ट्यूबकडे बोट दाखवते, ५० हर्ट्झची खोल घरघर हीटरच्या किंवा अर्थिंगच्या दोषाकडे. व्हॉल्यूम शून्य करताच ती नाहीशी होत असेल, तर दोष गिटार, केबल किंवा त्यांच्या आसपासच्या एलईडी दिव्यांच्या चालकांत शोधावा. वीस वर्षांहून जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता बदलून घेतलेले बरे.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत ट्यूबच्या पिना, जॅक आणि पॉट यांवर गंज व बुरशीसारखा थर लवकर धरतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून किमान एकदा तासभर ॲम्प चालू ठेवावा, त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतला ओलावा निघून जातो. ॲम्प गरम असताना त्यावर प्लास्टिक किंवा रेक्झीनचे आवरण चढवू नये, थंड झाल्यावर सुती कापड घालावे. पावसाळा संपला की बंद व थंड ॲम्पच्या जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर लावलेला प्लग चार-सहा वेळा आतबाहेर करावा, आणि प्रत्येक ट्यूब थोडी वर-खाली सरकवून पुन्हा घट्ट बसवावी. पॉट खरखरत असल्यास ते मागून साफ करावे लागतात, त्यासाठी चॅसिस बाहेर काढावे लागते, तेव्हा ते काम कपॅसिटर तपासणीच्या भेटीतच तंत्रज्ञाकडून उरकून घ्यावे.